तेराव्या शतकातला किल्ला आणि शाळेची सहल

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'जिवंत संग्रहालये आणि शिक्षण'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायचं तर जगाची यादी वाचत बसावं लागेल. १८९१ साली आर्टुर हाझेलियस यांनी स्टॉकहोमला स्कानसेन उभं केलं, खेड्यापाड्यांतली जुनी घरं उचलून आणली आणि त्यांत कामं करणारी माणसं ठेवली, तिथून ही कल्पना जगभर गेली. अमेरिकेत विल्यम्सबर्गला आजही पिंपं बांधणाऱ्या कारागिराच्या हाताखाली उमेदवार वर्षानुवर्षं शिकतात. यादी इथेच थांबवतो. मला आज एकाच जागेबद्दल बोलायचंय, आणि ती जागा म्हणजे फ्रान्समधलं गेदलों.

बर्गंडी प्रांतात, पॅरिसपासून मोटारीनं दोन-अडीच तासांवर, जंगलात एक बंद पडलेली दगडाची खाण होती. १९९७ साली तिथे काही माणसांनी किल्ला बांधायला घेतला. जुन्या किल्ल्याची डागडुजी नाही, नवा कोरा किल्ला, पण तेराव्या शतकाच्या रीतीनं. ही कल्पना मिशेल ग्युयो यांची. जवळच सें-फार्जोला त्यांचा एक वाडा आहे. त्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं की आत्ताच्या विटांच्या भिंतींच्या पोटात मध्ययुगीन किल्ला दडलेला आहे. तो पुन्हा उभारून पाहिला तर काय मजा येईल, असं त्या अहवालात जाता जाता म्हटलं होतं. बहुतेक लोक असं वाक्य वाचून पान उलटतात. ग्युयोंनी पुढे या प्रकल्पाची धुरा सांभाळणाऱ्या मारिलीन मार्तां यांना गाठलं, वास्तुतज्ज्ञ जाक मुलें यांनी राजा दुसऱ्या फिलिपच्या काळातल्या किल्ल्यांवरून नकाशे काढले, आणि काम सुरू झालं. एक छोटा सरदार कल्पिला, त्याच्या ऐपतीचाच किल्ला. म्हणजे राजेशाही थाट नाही, पैसे बेताचे, पाच-पन्नास माणसांची शिबंदी राहील इतपत.

दुसऱ्या वर्षापासून तिकीट लावून लोकांना आत घेतलं. २००० सालापासून सगळा खर्च त्या तिकिटांतून निघतो. वर्षाला साधारण तीन लाख माणसं येतात. पंचवीस वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. अजून उरकलेलं नाही, आणि कुणाला तशी घाईही दिसत नाही.

आता शिक्षक मंडळींनी जरा लक्ष द्यावं. तिथे पाथरवट आहेत, सुतार आहेत, लोहार आहे, कौलं भाजणारे आहेत, दोरखंड वळणारा आहे, टोपल्या विणणारे आहेत, घोडागाडीवाले आहेत. हे सगळं कुठल्याही ग्रामीण कला महोत्सवात दिसतं, तुम्ही म्हणाल. फरक एवढाच की गेदलोंचा लोहार पाहुण्यांना दाखवण्यासाठी काही घडवत नाही. तिथला दगड लोहमिश्रित वालुकाश्म, गंजाच्या रंगाचा आणि कठीण. त्यावर छिन्नी बघता बघता बोथट होते. पाथरवट ती आणून टाकतो, लोहार तापवून टोक काढतो, पाणी देतो म्हणजे तापलेलं टोक बुडवून कडक करतो, परत पाठवतो. त्यानं पाणी नीट दिलं नाही तर तासाभरात पाथरवट शिव्या घालत परत येणार. दोरखंड कच्चा निघाला तर वर चढवलेला दगड खाली येणार. प्रत्येकाचा माल घेणारं गिऱ्हाईक शंभर पावलांवर उभं आहे आणि ते नडीला आलेलं आहे. कारागिरीला लागते ती ही नड. ती असली की शिकवणं आपोआप होतं. ती नसली की उरतं ते प्रात्यक्षिक.

त्यांची दगड चढवायची यारी बघण्यासारखी आहे. माणूस आत शिरून चालेल एवढं मोठं लाकडी चाक, खारीच्या पिंजऱ्यातल्या चाकासारखं. माणूस आत चालत राहतो, चाक फिरतं, आसाभोवती दोर गुंडाळला जातो, आणि चार-पाचशे किलोचा दगड भिंतीवर चढतो. आत चालणाऱ्याला वरचं काही दिसत नाही. वरचा गवंडी ओरडून सांगेल तसं पाऊल टाकायचं, थांबायचं, उलटं चालायचं. खाली उभ्या असलेल्या पोरांना पुस्तकातला 'चाक आणि आस' हा धडा मग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चाकाला आजच्या काळाचा ब्रेक आहे, हेही सांगून टाकतो. गवंड्यांच्या मळक्या डगल्याखाली लोखंडी टोकाचे बूट असतात, डोळ्यांवर गॉगल असतो. तेराव्या शतकातल्या मजुराला विमा नव्हता, यांना आहे. काही इतिहासप्रेमी यावर नाक मुरडतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. माणसाचा डोळा फोडून अस्सलपणा आणायचा नसतो.

खरी शंका वेगळी घेता येईल. तिथे सरदार खोटा आहे, वेठ नाही, कर नाही, दुष्काळ नाही, युद्ध नाही. कामगारांना पगार आहे आणि सुट्टी आहे. म्हणजे मध्ययुगाचा घाम दिसतो, जाच दिसत नाही. हे खरं आहे, आणि शिक्षकानं सहलीच्या आधी वर्गात ते सांगितलंच पाहिजे. किल्ला कसा बांधतात हे गेदलों शिकवतं. किल्ला कुणाच्या जिवावर बांधला जातो हे शिकवायला इतिहासाचा तासच लागेल.

आता मुलांच्या कार्यशाळा. दोनच सांगतो.

पहिली दोरीची. एका लांब दोरीला सारख्या अंतरावर तेरा गाठी मारलेल्या असतात, म्हणजे मध्ये बारा भाग. पहिली आणि तेरावी गाठ एका मुलाच्या हातात. दुसरा चौथ्या गाठीला धरतो, तिसरी मुलगी आठव्या गाठीला. तिघांनी दोरी ताणली की तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण होतो, आणि चौथी गाठ धरलेल्या मुलाच्या पायाशी काटकोन. ना पट्टी, ना कोनमापक. मध्ययुगात नेमकी अशीच गाठींची दोरी सर्रास वापरत होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण भूमिती जुनी आहे आणि ती आपल्याला परकी नाही. आपल्या शुल्बसूत्रांमध्ये वेदी आखताना दोरी ताणून १५, ३६ आणि ३९ या मापांचा त्रिकोण करायला सांगितलंय. आणि तुमच्या घराचा पाया आखणारा गवंडी आजही टेपवर तीन-चार-पाच धरून 'गुण्यात आलं का' ते बघतो. पायथागोरस हे नाव त्यानं ऐकलेलं असेलच असं नाही. दहावीच्या पोराला मात्र ते नाव पाठ असतं, आणि अंगणात काटकोन काढायला सांगितला तर तो गोंधळतो.

दुसरी कार्यशाळा दगडाची. मुलांना तो कठीण वालुकाश्म देत नाहीत, मऊ चुनखडीचा तुकडा देतात. गॉगल, छिन्नी आणि लाकडी मोगरी. आधी साच्यावरून आकृती दगडावर उतरवायची आणि मग रेघेबाहेरचा दगड काढायचा. छिन्नी पहिल्यांदा हातात घेणारा कुठलाही मुलगा सगळा जोर लावून घाव घालतो. छिन्नी उभी असेल तर टोक रुततं आणि दगडाला नुसता खड्डा पडतो. ती फार आडवी असेल तर घसरते. जरा कलती धरली, घाव हलके पण एका लयीत घातले, की कपची सुटते. ही कलती म्हणजे किती कलती, हे सांगता येत नाही, हाताला कळावं लागतं. आणि कडेला पोचलात की बाहेरच्या बाजूनं मारायचं नाही, आतल्या बाजूला वळायचं, नाहीतर अख्खा कोपरा उडतो. एकदा उडालेला कोपरा परत बसत नाही. पेन्सिल आणि खोडरबरवर वाढलेल्या मुलांसाठी ही बातमी नवीन असते.

आपल्याकडेही हस्तकला कार्यशाळांचं पेव फुटलंय. कुंभारकामाची कार्यशाळा म्हणून जाहिरात येते, जाऊन बघावं तर भाजून तयार पणत्या आणि रंगाच्या बाटल्या. किंवा कुंभारदादा चाक फिरवतायत, रांगेतलं प्रत्येक पोर मिनिटभर हात लावतंय आणि आई फोटो काढतेय. भांडं कुंभाराच्याच बोटांनी झालेलं असतं. पोराच्या हाताला चिखल लागला हे चांगलंच झालं, पण याला कार्यशाळा म्हणू नये. ज्या कामात बिघडण्याची सोय नाही, त्यात शिकण्यासारखं फारसं काही उरत नाही.

गेदलोंचा उपयोग काय, असं लोक वर्षानुवर्षं विचारत होते. याचं उत्तर फार वाईट मार्गानं मिळालं. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चला आग लागली आणि छपराखालचा ओकच्या लाकडाचा सगळा सांगाडा जळून गेला. इतक्या तुळया होत्या की त्याला लोक 'अरण्य'च म्हणत. पुन्हा बांधायचं तर कसं? लोखंडात? काँक्रीटमध्ये? पुढच्या वर्षी ठरलं, होतं तसंच, ओकमध्येच. मग प्रश्न आला की नुसत्या कुऱ्हाडीनं ओल्या ओकच्या तुळया तासणारे सुतार आता आहेत कुठे? ते होते. फ्रान्समधले काही हौशी-व्यावसायिक सुतार ही विद्या जपत होते, आणि गेदलोंला तर वीस वर्षं हेच चाललं होतं. तिथे हात बसलेले सुतार पॅरिसच्या कामावर गेले.

इथे जरा सुतारकामात शिरतो. लाकूड ओलं असतानाच का तासायचं? कारण वाळलेला ओक कुऱ्हाडीला दाद देत नाही. आणि करवतीनं का कापायचं नाही? करवत सरळ रेषेत जाते, मध्ये येणारे तंतू कापत जाते. कुऱ्हाडीनं तासणारा सुतार झाडाच्या वळणानं जातो, गाभा मध्यभागी राखतो आणि तंतू शक्यतो अखंड ठेवतो. तुळई थोडी वाकडी दिसते, पण भार चांगला पेलते. अशी प्रत्येक तुळई वेगळी असल्यामुळे छपराच्या कैचीचा, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याचा, प्रत्येक सांधा त्या त्या जागेपुरता कोरून बसवावा लागतो. हे सगळं ग्रंथात लिहिलेलं होतं. ग्रंथ वाचून कुणी तुळई तासू शकलं नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं. सहलीला आलेल्या शाळकरी मुलांच्या तिकिटांवर जे सुतार वीस वर्षं जगले, त्यांची विद्या तिथे कामी आली. संग्रहालयाच्या जमाखर्चात हा हिशोब कुठल्या रकान्यात मांडायचा, ते हिशोबनीसांनी ठरवावं.

आता घरी येऊ. कणेरी मठावरचं सिद्धगिरी संग्रहालय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. बारा बलुतेदार, त्यांची अवजारं, बैठक, पेहराव, सगळं इतकं हुबेहूब की लहान मुलं पुतळ्यांशी बोलायला जातात. अवजारांची नावं विसरलेल्या पिढीसाठी ते काम मोठंच आहे. पण पुतळ्याच्या हातातली छिन्नी बोथट होत नाही. तिथून पुढचं पाऊल टाकायचं तर पुतळ्याशेजारी हाडामांसाचा पाथरवट बसवावा लागेल, त्याला खरं काम द्यावं लागेल, आणि पाहुणा कलाकार म्हणून शाल-श्रीफळ न देता शिक्षकाइतका पगार द्यावा लागेल. शेवटची अट सगळ्यात अवघड, हे मला माहीत आहे.

आपल्याकडे खऱ्या कामाची वाण नाही. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव आपण वाकून वाचतो. त्यांच्या हाताखालच्या पाथरवटांची छिन्नी कोण शेकत होतं, चुना कोण मळत होतं, याचा मागमूस नाही. त्यांचं कसब समजून घ्यायचं तर ते काम करून पाहण्याखेरीज दुसरा रस्ता नाही. आणि ते काम आज प्रत्यक्ष चालूही आहे. किल्ल्यांच्या डागडुजीत चुना वापरला जातो, काही ठिकाणी त्यासाठी घाणी बसवलेली असते, जुन्या रीतीप्रमाणे गूळ, हिरडा, उडीद घालून चुना मळतात. नेमकं त्याच वेळी तिथे दोरी बांधून पाटी लावतात, 'काम चालू आहे, प्रवेश बंद'. काम संपलं की दोरी सुटते आणि शाळेच्या सहली येतात, गुळगुळीत भिंत बघायला!

माझं मागणं फार मोठं नाही. किल्ला नवा बांधू नका. जिथे डागडुजी चालू आहे तिथे आठवड्यातून एक दिवस, सुरक्षित अंतरावर, पन्नास मुलांसाठी जागा करा. गवंड्याला त्या दिवसाची वेगळी मजुरी द्या. मुलांना ओळंबा धरू द्या, दगडाचा एक तुकडा फोडू द्या, चुन्याचा एक सांधा भरू द्या. चुना हाताला लागू द्यायचा नाही, तो कातडी खातो, त्यामुळे हातमोजे लागतील, डोळ्यांना गॉगल लागेल आणि धुवायला भरपूर पाणी लागेल. गडावर पाण्याचा प्रश्न असतोच, तेव्हा ती सोय आधी बघा. आणि तारीख ठरवताना गवंड्याला विचारून ठरवा. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर तरी मुरू द्यावा लागतो. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मुलांना न्यायचं असेल तर चुना गणपतीतच भिजत पडला पाहिजे, आणि त्याची परवानगी त्याच्याही आधी काढायला लागेल. ज्या शाळांना यात रस आहे त्यांनी नावं आजच द्यावीत. वही मागच्या टेबलावर ठेवली आहे.