दुधाच्या हिशोबाशेजारचे ठिपके

बसा, बसा. मागच्या ताई, भिंतीला टेकलात तरी चालेल. विषयच थकव्याचा आहे, ताठ बसायची सक्ती नाही.

सरकारी एआरटी सेंटरवर एचआयव्हीच्या मोफत गोळ्या २००४ मध्ये सुरू झाल्या, मी २००६ ला सुरू केल्या. तेव्हा माझ्या गोळीत झिडोवुडिन नावाचं औषध होतं. दोन महिन्यांत अशी गत झाली की नळावरून एक कळशी आणली की उंबऱ्यातच बसकण. सासूबाई म्हणायच्या, "आळस भरलाय हिच्या अंगात." मलाही तेच वाटायचं. सेंटरवर विचारलं, "कसं वाटतंय?" की माझं ठरलेलं उत्तर, "बरंय." रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ६ निघालं. झिडोवुडिनने काहींचं रक्त उतरतं. गोळी बदलली आणि कळशी पुन्हा कमरेवर आली. आता मला सांगा, गोळी बदलून आळस जातो का कधी?

म्हणून सेंटरवर "बरंय" म्हणायचं सोडा. "सकाळी उठतानाच गळून गेल्यासारखं होतं", "जिना चढताना धाप लागते" असं सांगा. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घामाने गाऊन भिजणं, यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी सांगा, टीबी तपासायला हवा. थायरॉइड, बी-१२, तेही बघतात. आणि काही बरं वाटतच नसेल, सणाला पुरण घालायचीही इच्छा होत नसेल, तर ते काउन्सेलरला सांगायचं. तोही आजार आहे आणि त्यालाही औषध आहे.

एक थकवा मात्र कुठल्याच तपासणीत येत नाही. पहिली चार वर्षं मी घरात सांगितलं नव्हतं. डबी तांदळाच्या डब्यात, आत कापूस, कारण हलली की गोळ्या वाजायच्या. रोज रात्री सगळे झोपायची वाट बघायची, अंधारात डबा उघडायचा. दिवसभराच्या भांगलणीने मी तेवढी दमत नव्हते. सगळ्यांनी घरात सांगाच, असं मी म्हणणार नाही; प्रत्येकीचं घर वेगळं. पण एक माणूस तरी असा शोधा, ज्याच्यासमोर गोळी घेता येईल. माझी नणंद निघाली. तिच्या मागोमाग, दोन वर्षांनी, सासूबाई.

आता एक कामाचं. आपण रक्तासाठी लोहाची आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी घेतो. टीएलडी, म्हणजे आपली आताची एचआयव्हीची गोळी, तिच्यातलं डोल्युटेग्राविर हे औषध त्यांच्यासोबत उपाशीपोटी घेतलं तर अंगाला कमी लागतं. जेवणाबरोबर एकत्र चालतं. उपाशीपोटी घ्यायची तर टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. ॲसिडिटीच्या पातळ औषधाला मात्र जेवणासोबतही सूट नाही, तेवढं अंतर हवंच. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको. मला माहितीये, हे सगळ्यांत अवघड आहे.

टीएलडी आल्यावर माझी झोप उडाली. दोन-दोन वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं आणि दिवसभर डोळे जड. या वेळी शहाणी झाले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब मांडतो ना, त्याच चौकोनात ज्या दिवशी गळून जायचे त्या दिवशी एक ठिपका, आणि रात्री झोप आली नसेल तर फुली. महिना संपल्यावर ते पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं. फुलीच्या दुसऱ्या दिवशी ठिपका, जवळजवळ प्रत्येक वेळी. त्यांनी गोळी रात्रीची सकाळी करायला सांगितली. पंधरा दिवसांत फुल्या कमी झाल्या. तुम्ही आपल्या मनाने वेळ बदलू नका, आणि एक दिवसही गोळी चुकवू नका. विचारून करा.

पान परत आणून लावलं तर सासूबाई चष्मा लावून उभ्या. म्हणाल्या, "अगं, दूधवाल्याने एवढे दिवस जादा दूध घातलं? मी तर पैसे देऊन बसले!"