पेल्याच्या तळाचा गाळ

नमस्कार मंडळी. सुरुवात घरातल्या एका फजितीने करतो. प्राचीन ग्रीकांच्या मद्याच्या मैफलीवरच्या या व्याख्यानाची तयारी चालू होती, तेव्हा एका रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरातून सूप प्यायचा दोन कानांचा पसरट बाऊल घेतला, तांब्याभर कोकम सरबत घेतलं, आणि दिवाणखान्याच्या मधोमध एका उंच बाटलीवर डब्याचं झाकण तोलून ठेवलं. मग सोफ्यावर डाव्या कोपरावर रेललो, बाऊलच्या एका कानात उजव्या हाताची तर्जनी अडकवली, मनगट वळवलं आणि तळातलं घोटभर सरबत झाकणाच्या दिशेने उडवलं. पहिला घोट पंख्यावर गेला, तिसरा सोफ्याच्या पांढऱ्या खोळीवर. अकराव्या खेपेला झाकण खणकन खाली पडलं आणि मी ओरडलो. आमच्या घरून प्रश्न आला, "ते सगळं ठीक आहे हो, पण त्या ग्रीकांकडे पुसायला कोण होतं?"

मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून आज मैफलीबद्दल बोलताना मधूनमधून त्या फडक्याकडेही बघू.

आधी जागा समजून घ्या. आपल्याकडे विद्यापीठात 'सिम्पोझियम' असतं, म्हणजे चहा, दोन बिस्किटं आणि वेळ न पाळणारे वक्ते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अगदी सरळ आहे: एकत्र पिणे. जेवण वेगळं, ते आधी उरकायचं. मग टेबलं उचलायची, हात धुवायचे, फुलापानांच्या माळा डोक्यावर घालायच्या, देवांच्या नावाने थोडी वाइन जमिनीवर सांडायची, आणि त्यानंतर पिणं सुरू. हे चालायचं 'अँड्रॉन'मध्ये, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या खोलीत. उत्तर ग्रीसमधलं ओलिंथोस हे शहर मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने इ.स.पू. 348 मध्ये उद्ध्वस्त केलं, आणि त्यामुळेच तिथली घरं जणू त्या दिवशी थांबली. तिथे या खोल्या स्पष्ट दिसतात. भिंतीलगत रेलून प्यायच्या बाकांसाठी थोडा उंच कट्टा, मध्ये सिमेंटसारखी घट्ट किंवा खडे बसवलेली जमीन, आणि दार भिंतीच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकवलेलं. दाराच्या भिंतीलाही बाक नीट बसावा म्हणून. सात बाकांची खोली साधारण पाच मीटर चौरस. कुणीही कुणाच्या नजरेआड नाही, ही या खोलीतली खरी गंमत. तुमचा तोल किती टिकतो हे सगळे बघत असतात.

वाइन निर्जळ प्यायची नाही, हा पहिला नियम. निर्जळ पितात ते रानटी लोक, सिथियन वगैरे. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस वेडा होऊन मेला, तेव्हा स्पार्टावाल्यांनी कारण दिलं की सिथियन वकिलातीच्या संगतीत त्याला निर्जळ पिण्याची सवय लागली. हे इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. जास्त कडक हवी असेल तर स्पार्टात म्हणायचे, "सिथियन पद्धतीने ओत." एरवी मोठ्या घंगाळासारख्या भांड्यात, त्याला 'क्रेटर' म्हणत, दोन-तीन भाग पाणी आणि एक भाग वाइन मिसळायची. म्हणजे कडकपणा आजच्या बिअरच्या आसपास. प्रमाण ठरवायचा त्या रात्रीपुरता नेमलेला प्रमुख, आणि त्याचा हुकूम सगळ्यांनी मानायचा.

यूबुलस नावाच्या विनोदी नाटककाराचा एक उतारा शिल्लक आहे. त्यात खुद्द मद्याचा देव डायोनायसस हिशेब सांगतो: शहाण्यांसाठी मी तीनच क्रेटर मिसळतो. पहिला आरोग्याचा, दुसरा प्रेमाचा, तिसरा झोपेचा. तो संपला की शहाणे घरी जातात. चौथा माझा नाही, तो उर्मटपणाचा. पाचवा आरडाओरड्याचा, सहावा रस्त्यावरच्या धिंगाण्याचा, सातवा काळ्यानिळ्या डोळ्यांचा, आठवा कोर्टाच्या समन्सचा, नववा पित्ताचा, आणि दहावा वेडाचा, ज्यात माणूस सामानसुमान फेकू लागतो.

हे सामान फेकणं निव्वळ नाटकातलं वाटेल. पण सिसिलीतल्या अक्रागास गावात, आजच्या अग्रिजेंतोत, एका घराला लोक 'गलबत' म्हणत. त्याची कथा अशी: काही तरुण तिथे इतके प्याले की त्यांना वाटलं आपण वादळात सापडलेल्या जहाजावर आहोत. जहाज हलकं करायला त्यांनी खाटा, अंथरुणं, भांडी, सगळं खिडकीतून रस्त्यावर टाकलं. खाली गर्दी जमली आणि लोकांनी सामान उचलून न्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी अधिकारी चौकशीला आले, तरी यांची उतरलेली नव्हती. एक वयस्क गृहस्थ म्हणाला, "हे जलदेवतांनो, मी भीतीने जहाजाच्या अगदी तळाशी जाऊन पडलो होतो." अधिकाऱ्यांनी दम देऊन सोडून दिलं. त्यावर या मंडळींनी त्यांचे आभार मानले आणि शब्द दिला की बंदराला लागलो की तुमच्या मूर्ती बसवू.

आता माझ्या सोफ्याच्या खोळीकडे येऊ. मी केला तो खेळ कोट्टाबोस. तोही सिसिलीचाच, असं ग्रीक स्वतः सांगत. वाइन गाळलेली असली तरी पेल्याच्या तळाशी थोडा गाळ राहायचा. तो प्यायचा नाही, फेकायचा. पेला म्हणजे 'किलिक्स': बशीइतका उथळ, खाली उंच पाय, दोन बाजूंना दोन कान. खेळाचे प्रकार मुख्यतः दोन. एकात मोठ्या पाण्याच्या भांड्यात छोट्या वाट्या तरंगत सोडायच्या आणि गाळ फेकून त्या बुडवायच्या. दुसरा मानाचा. काशाचा उंच दांडा, टोकावर नुसती तोलून ठेवलेली छोटी तबकडी. गाळ तबकडीवर बसला पाहिजे, ती घसरली पाहिजे आणि खालच्या काशावर आपटून वाजली पाहिजे. तो आवाज झाला तर डाव जिंकला. काशाचं ताट हातातून पडल्यावर घरभर जो आवाज घुमतो तो आठवा. असे दांडे इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांमध्ये खरोखर सापडले आहेत. बक्षीस काय, तर अंडी, सफरचंद, गोड वड्या, कधी एक चुंबन.

जोर लावून हे होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. हात खांद्यातून फिरवला की सरबत पंख्यावर. मनगट हलकं हवं, आणि बोटाने पेला शेवटच्या क्षणी मागे ओढावा लागतो. भालाफेकीत दोरीचा फास बोटात अडकवून भाला सोडत, तिथलाच शब्द ग्रीकांनी या फेकीसाठी वापरला. अमेरिकेतल्या वेस्ट चेस्टर विद्यापीठात प्राध्यापक हेदर शार्प यांनी काही वर्षांपूर्वी थ्रीडी प्रिंटरवर किलिक्स बनवून विद्यार्थ्यांकडून द्राक्षाच्या रसाने हा खेळ खेळवून घेतला. तिथेही खोलीभर रस झाला, हे वाचून मला जरा बरं वाटलं.

फेकताना नाव घ्यायचं. ज्याच्यावर जीव जडलाय त्याचं. नेम लागला तर शकुन चांगला. रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात युफ्रोनिओस या चित्रकाराचं इ.स.पू. 510च्या आसपासचं एक भांडं आहे, वाइन गार करायचं. त्यावर चार गणिका रेलून पीत आहेत. त्यातल्या स्मिक्रा नावाच्या बाईने तर्जनीवर पेला धरलाय आणि तिच्याजवळ अक्षरं लिहिली आहेत: "लेआग्रोस, हा तुझ्यासाठी." हा लेआग्रोस खरा माणूस. त्या काळच्या कितीतरी भांड्यांवर 'लेआग्रोस देखणा' असं लिहिलेलं सापडतं. पुढे तो सेनापती झाला आणि इ.स.पू. 465च्या सुमारास ग्रीसच्या उत्तरेकडच्या थ्रेसमधल्या लढाईत मारला गेला.

या खेळाचा सगळ्यात भयंकर डाव मात्र तुरुंगात पडला. इ.स.पू. 404. अथेन्स स्पार्टाशी युद्ध हरलेलं, तीस जणांची जुलमी राजवट. त्यांच्यातलाच थेरामेनीस विरोधात बोलू लागला, तेव्हा त्यांचा म्होरक्या क्रितियास याने त्याला विषाचा पेला प्यायला लावला. इतिहासकार झेनोफन सांगतो की थेरामेनीसने विष पिऊन तळाचा थेंब कोट्टाबोससारखा उडवला आणि म्हणाला, "हा देखण्या क्रितियाससाठी." क्रितियास कवीही होता, आणि कोट्टाबोस सिसिलीहून आला हे सांगणारी ओळ त्याचीच. काही महिन्यांत, इ.स.पू. 403 मध्ये, तोही अथेन्सच्या बंदरातल्या, पिरेअसच्या लढाईत पडला.

आता फडकं. कोट्टाबोसच्या दांड्याला एक छोटी बाहुली असायची, आणि तबकडी तिच्या डोक्यावर आपटायची असं जुन्या नाटकातलं वर्णन आहे. तिचं नाव 'मानेस'. अथेन्समध्ये हे गुलामाचं अगदी ठरलेलं नाव होतं. म्हणजे वाइन भरायला मानेस, पाणी आणायला मानेस, आणि खेळात डोक्यावर आपटून घ्यायलाही मानेस. जर्मनीतल्या वुर्झबर्ग संग्रहालयात एक किलिक्स आहे. पीत पीत तळ गाठला की आत चित्र दिसतं: एक तरुण ओकतोय आणि एक कोवळी मुलगी त्याचं कपाळ धरून उभी आहे. पिणाऱ्याला पेल्याच्या तळाशी हे दिसावं म्हणून कुणीतरी ते रंगवलं. विनोद म्हणून, ताकीद म्हणून, की दोन्ही, मला ठरवता आलेलं नाही. मुलगी मात्र शांत आहे. तिला सवय असावी.

घरच्या बायका या खोलीत नसत. असत त्या गणिका, नर्तकी आणि 'औलोस' वाजवणाऱ्या मुली. पुस्तकात औलोसला बासरी म्हणतात ते चूक. दोन नळ्या, सनईसारखी जिव्हाळी, आणि आवाज चांगलाच टोकदार. अथेन्समध्ये या मुलींना मागणी इतकी की रात्रीचा दर दोन द्राक्मांपेक्षा, म्हणजे दोन चांदीच्या नाण्यांपेक्षा, वर जाणार नाही यावर नगर-अधिकारी लक्ष ठेवत, आणि एकाच मुलीसाठी दोघे अडून बसले तर चिठ्ठ्या टाकत. त्या मुलींच्या पसंतीबद्दल नियमात काही नाही.

झेनोफनने कल्लियास या गर्भश्रीमंताच्या घरची एक मेजवानी वर्णिली आहे. तिथे सिसिलीतल्या सिराक्यूजचा एक माणूस आपला संच घेऊन येतो. एक मुलगी बारा कड्या एकामागून एक हवेत फेकत नाचते. मग उभ्या तलवारी लावलेल्या रिंगणात कोलांट्या घेत आत-बाहेर करते, आणि बघणाऱ्यांचा श्वास अडकतो. फिलिप नावाचा विदूषक न बोलावता येतो, म्हणतो, बोलावून येण्यापेक्षा असं येणं जास्त विनोदी. आणि सॉक्रेटिस म्हणतो, पेले छोटे द्या, रिमझिम होऊ द्या. शेवटी डायोनायसस आणि त्याची प्रिया अरियाद्नी यांचं प्रेमनाट्य होतं. ते बघून अविवाहित पाहुणे लग्न करायची शपथ घेतात आणि विवाहित घोड्यावर टांग मारून घरी बायकोकडे निघतात. बायको आठवायला इतका खटाटोप.

बाकीचे खेळ जिभेचे. मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी हातात आली की गाणं म्हणायचं, आणि पुढच्याने तिथूनच उचलायचं. आपल्या भेंड्यांसारखं, फक्त अक्षराऐवजी अर्थ जुळवायचा. आणि कोडी. उत्तर नाही आलं तर खारं पाणी मिसळलेली वाइन एका दमात संपवायची. आज दंड नाही, निर्धास्त सांगा: "मी एक माणूस पाहिला, तो दुसऱ्या माणसाला विस्तवाने काशाचं भांडं चिकटवत होता." कुणी म्हणालं कल्हईवाला? नाही. वैद्य! तुंबडी लावतोय. आपल्याकडे भोपळ्याची किंवा शिंगाची, त्यांच्याकडे काशाची. दुसरं: "ती आपली बाळं पदराखाली घेऊन फिरते. बाळं मुकी, तरी त्यांचा आवाज समुद्रापलीकडे पोचतो, आणि हवा त्यालाच ऐकू जातो." बरोबर, पत्र. बाळं म्हणजे अक्षरं. हे कोडं नाटकात सॅफो या कवयित्रीच्या तोंडी आहे.

जाता जाता माझा लाडका पाहुणा. सिक्योन या ग्रीक शहराचा हुकूमशहा क्लिस्थेनीस याने लेकीसाठी, अगारिस्तेसाठी, ग्रीसभरातून स्थळं बोलावली आणि वर्षभर घरी ठेवून त्यांची परीक्षा घेतली. सगळ्यात पसंत पडला अथेन्सचा हिप्पोक्लिडीस. निकालाच्या रात्री मेजवानी झाली. याने औलोस वाजवायला सांगितला आणि नाचू लागला. मग टेबल मागवलं आणि त्यावर चढला. मग डोक्यावर उभा राहून पायांनी हातवारे करू लागला. भावी सासरा म्हणाला, "तू नाचता नाचता लग्न घालवलंस." वरून, म्हणजे खालून, उत्तर आलं, "हिप्पोक्लिडीसला त्याचं काय!" अथेन्समध्ये त्याची म्हण झाली.

मुलगी मेगाक्लीस या दुसऱ्या अथेन्सवाल्याला दिली. त्यांच्या मुलाने, आजोबाचंच नाव असलेल्या क्लिस्थेनीसने, पुढे अथेन्सच्या लोकशाहीची घडी बसवली. आणि हिप्पोक्लिडीस? तो अथेन्सचा मुख्य अधिकारी झाला. अथेना देवीचा थोरला पॅनाथेनिया उत्सव सुरू झाला तो त्याच्याच वर्षी.