चपलांची रांग

[दृश्य : गावातल्या पतसंस्थेचं अर्ध्यावर ओढलेलं शटर. पायरीपासून रस्त्यापर्यंत चपला.]

ऊन चढायच्या आत रांग लागलेली असायची. रांगेत चपला, आणि माणसं समोरच्या कडुलिंबाखाली. नजर मात्र प्रत्येकाची आपापल्या जोडावर. त्या सोमवारी माझ्या आईच्या चपलांचा नंबर सतरावा होता. ब्लाऊज शिवून शिवून साठवलेले पैसे तिनं गावातल्या पतसंस्थेत मुदत ठेवीला टाकले होते. बँकेपेक्षा व्याज थोडं जास्त, शिवाय संचालक ओळखीचे. ठेवपावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. नंबर आला की आतला कारकून म्हणायचा, "काकी, पुढच्या सोमवारी या." असे किती सोमवार गेले, ते आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं मांडून ठेवलं होतं. मुद्दल तुकड्यातुकड्यानं, सहा वर्षांनी हातात आली. व्याज आलंच नाही.

त्या रांगेतून उठूनच मी कोल्हापुरात एम.कॉम. करायला आलो, असं मी आजही मानतो.

[दृश्य : सागरमाळ. विद्यापीठाची मुख्य इमारत, समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा.]

शिवाजी विद्यापीठ. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्‌घाटन. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे या विद्यापीठाचे. साखर कारखाने, दूध संघ, विकास सोसायट्या, अर्बन बँका आणि पतसंस्था यांनी हा सगळा मुलूख विणलेला आहे. वित्त हा विषय शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

योगायोग असा, की देशात बँकठेवींचा विमासुद्धा १९६२ सालचाच. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, ठेवीदार हवालदिल झाले, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा एका ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत संरक्षण होतं. १९९३ मध्ये ते एक लाख झालं, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. सहकारी बँकाही या छत्राखाली आहेत. पतसंस्था नाहीत. माझ्या आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. पावतीवरही लिहिलेलं नव्हतं.

[दृश्य : वर्गातला फळा, खडूनं काढलेल्या दोन रांगा.]

१० ऑक्टोबर २०२२ या दिवशी स्टॉकहोममधून अर्थशास्त्राच्या नोबेलची घोषणा झाली. तिघांत एक बेन बर्नान्की, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष. उरलेले दोघे डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग, विद्यापीठात वित्त शिकवणारे प्राध्यापक. पुरस्कार २०२२ चा, पण या दोघांचा मूळ निबंध १९८३ सालचा. मधे एकोणचाळीस वर्षं गेली. निबंधाचा विषय काय? रांग. बँकेच्या दारातली रांग.

मला तो निबंध ऊस समोर आणल्यावर कळला. जुलै-ऑगस्टात आडसाली लागण होते, आणि तोडणीला दीड वर्ष लागतं. बँकेनं दिलेलं पीककर्ज तेवढा काळ शेतात उभं असतं. ते परत हवं म्हणून कोवळा ऊस तोडला तर ना वजन, ना साखरेचा उतारा. इकडे ठेवीदाराला मात्र सांगितलेलं असतं, कधीही या, पैसे तयार आहेत. एरवी हे चालतं, कारण सगळे एकाच दिवशी येत नाहीत. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं दवाखान्याचं बिल, असे थोडे थोडे येतात. पण "संस्था अडचणीत आहे" एवढी कुजबूज उठली की सगळे येतात. शेवटच्या माणसाला काही मिळणार नाही हे प्रत्येकाला कळतं, म्हणून जो तो पुढच्या नंबरासाठी पहाटे चप्पल ठेवतो. यात कुणी वेडं नसतं. प्रत्येकजण स्वतःपुरता शहाणाच वागतो, आणि त्या शहाणपणानं धडधाकट बँकही बसते. रांग लागूच नये म्हणून ठेव विमा, असं त्या निबंधाचं सांगणं.

ज्या संस्था आतून पोखरलेल्या असतात, तिथली गोष्ट वेगळी. मग प्रश्न असा, की आपल्या तालुक्यात बसलेल्या संस्थांपैकी कोणती आतून कुजलेली होती आणि कोणती निव्वळ कुजबुजीनं गेली? हे पुस्तकातून कळत नाही. गावोगाव जावं लागतं. जायला पैसे लागतात.

[दृश्य : टेबलावर फाइल, एसटीची तिकिटं पिनेनं लावलेली.]

हे पैसे म्हणजेच अनुदानित प्रकल्प. दिल्लीत १९६९ पासून भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे, विद्यापीठ अनुदान आयोग आहे. प्राध्यापक प्रस्ताव पाठवतात, तज्ज्ञ तो तपासतात, मंजूर झाला की पहिला हप्ता येतो. मग सुरू होतो हिशेब. यूसी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, केंद्राच्या वित्तीय नियमांतला नमुना, जीएफआर १२-ए. किती आले, किती खर्चले, किती शिल्लक. अनुदानाच्या खात्यावर पडलेलं व्याजसुद्धा परत भरायचं. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आईची पावती डोळ्यांसमोर आली. सार्वजनिक पैशाच्या व्याजाचा एवढा काटेकोर हिशेब मागणारी व्यवस्था आपल्याकडे आहे, याचं मला खरंच बरं वाटलं.

विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या संशोधनाच्या निकषात पुरस्कार आणि प्रकल्प दोन्ही मोजले जात आले आहेत. इथल्या विद्यापीठात विभागाला अधिविभाग म्हणतात, आणि कोणत्याही अधिविभागात गेलात तर प्रमाणपत्रं फ्रेममध्ये दिसतात, प्रकल्पांच्या फायली कपाटात. पुरस्काराचं मोल मी कमी लेखत नाही. उत्कृष्ट शोधनिबंधाचं पारितोषिक मिळालेल्या मुलीच्या वडिलांना सभागृहात डोळे पुसताना मी पाहिलंय. पण पुरस्कार मिळतो काम झाल्यावर. अनुदान मिळतं, तेव्हा हातात फक्त प्रश्न असतो. त्या प्रश्नावर कुणीतरी विश्वास टाकणं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. नव्या प्रश्नावर तो विश्वास सहजी बसत नाही. गुंतवणुकीतली जोखीम गणितानं मांडणाऱ्या हॅरी मार्कोविट्झ यांच्या शिकागोतल्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, हे अर्थशास्त्रच नव्हे, असं नामवंत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन म्हणाले होते. ही आठवण मार्कोविट्झ स्वतः सांगत. पदवी मिळाली, आणि १९९० मध्ये नोबेलही.

[दृश्य : पायवाट, पाठीला सॅक लावलेला मुलगा, कौलारू घर.]

एम.कॉम. झाल्यावर एका प्रकल्पात मी माहिती गोळा करायला होतो. भुदरगड तालुक्यातली, गारगोटीच्या आसपासची गावं. हातात सव्वीस प्रश्नांचं शेड्यूल. ठेव किती, किती वर्षांची, व्याजदर काय, संस्थेत कुणी ओळखीचं होतं का. एका घरी सत्तरीच्या मावशी जोंधळं पाखडत होत्या.

"बँकेतनं आलायस काय रं?"

"नाही मावशी, विद्यापीठातनं. माहिती घ्यायला."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन पिशवी आणली. प्लॅस्टिकचीच. पावती उलगडून माझ्या गुडघ्यावर ठेवली. सव्वीसच्या सव्वीस प्रश्नांची उत्तरं दिली, न कंटाळता. मग म्हणाल्या, "आता माझं एक इचारू? लेकीनं नको म्हणलं हुतं, मी तिचं ऐकलं न्हाई. पैसं बुडाल्यापास्नं ती माझ्याशी बोलत न्हाई. ह्ये तुझ्या कागदात कुठं लिव्हायचं?"

कागदात जागा नव्हती. मी समासात लिहिलं.

संध्याकाळी अधिविभागात प्रकल्प चालवणाऱ्या सरांनी शेड्यूलं चाळली. त्या समासावर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेन उघडलं आणि कोऱ्या शेड्यूलच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : प्रश्न २७. ठेव अडकल्यामुळे घरातल्या कुणाशी बोलणं थांबलं का? कुणाशी?

झेरॉक्स रात्रीच काढल्या. सकाळच्या गारगोटीच्या एसटीत मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो.