उघाडी

[दृश्य: पहाटेची ओहोटी. बेलापूरजवळचं दिवाळे गाव. चिखलात एका कुशीवर कललेल्या होड्या.]

खाडीकाठच्या माणसाला तारीख विचारू नका, तिथी विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. उधाणाचं पाणी कुठल्या पायरीला लागतं, हे दिवाळ्यात, सारसोळ्यात, तिकडे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं.

मोजपट्टीनं मोजलेलंही आहे. मुंबईत अपोलो बंदराला भरती-ओहोटीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. जगभरच्या अशा नोंदी जुळवून आयपीसीसीनं, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनं, मांडलेला हिशेब असा: १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वर आली. २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर. तापलेलं पाणी फुगतं, वितळलेला बर्फ त्यात भर घालतो.

३.७ मिलिमीटर म्हणजे दरसाल मुगाचा एक दाणा. मुगाच्या दाण्याला भिऊन कुणी गाव सोडत नाही. म्हणून आपण समुद्राकडे नंतर बघू, आधी एका झडपेकडे बघू.

[दृश्य: जुना बांध, त्यातली लाकडी झडप.]

हिला म्हणतात उघाडी. खाजणात, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरतं त्या सखल जमिनीत, भात पिकवायचा तर आधी बांध हवा. आगरी माणसानं पिढ्यान्‌पिढ्या असे बांध घातले आणि त्यांत उघाड्या बसवल्या. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं, झडप बंद होते. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी झडप ढकलून निघून जातं. ना वीज, ना मोटार. बांधाला खांड पडली तर मात्र अख्खं गाव चिखलात उतरायचं, कारण खारं पाणी शेतात बसलं की दोन-तीन पावसाळे धुऊन निघाल्याशिवाय तिथे भात धरत नाही. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलला संशोधन केंद्रच आहे. तिथल्या भाताच्या जातींची नावंही पनवेल-१, पनवेल-२ अशी.

१९७० साली सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर, नवी मुंबई, उभं राहायचं होतं. शेतं गेली, बांध राखणारे हातही दुसऱ्या कामाला लागले. खाजणावर भराव पडला. आणि गंमत बघा, पाण्याचा निचरा करायला शहरानं युक्ती वापरली ती आगऱ्याचीच, फक्त तिला नाव हॉलंडचं दिलं.

[दृश्य: वरून दिसणारं शहर. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी, मधे धारण तलाव.]

डोंगरावरचं पाणी नाल्यांनी उतरतं आणि धारण तलावांत येऊन थांबतं. तलावाच्या तोंडाशी झडपा. भरतीला त्या मिटतात, ओहोटीला उघडतात. दिवसाला साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या. म्हणजे शहराला पाणी बाहेर टाकायला मिळतात ते मोजके तास.

मुगाचा दाणा नेमका इथे येऊन बसतो. खाडीची पातळी थोडी जरी वर आली, तरी झडप आधी मिटते आणि उशिरा उघडते. लाट आलेली कुणाला दिसत नाही. निचऱ्याची मिनिटं तेवढी कमी होतात. त्यात तलावांत गाळ भरलाय, गाळावर खारफुटी उगवलीय. खारफुटीला न्यायालयाचं संरक्षण आहे आणि ते हवंच, लाटांचा जोर तीच मोडते. पण तलावातला गाळ काढायचा तर आधी परवानगी लागते. एकाला वाचवायला जावं तर दुसरं बुडतं, असा हा तिढा.

आणि पाणी साचतं कुठे? भरावानं रस्ते उंच झाले, कित्येक गावठाणं होती तिथेच राहिली. ‘गाव खड्ड्यात गेलं’ हे इथे शब्दशः घ्यायचं. उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळेला आले की गल्लीतलं गटार उलटं वाहू लागतं. घर नव्यानं बांधताना जोतं उंच घेतात. मग शेजारी त्याहून उंच घेतो.

ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यातली सातभाया गावं समुद्रानं गिळली. उरलेल्यांना बागपटियाला नेऊन वसवलं. तिथे समुद्र समोरून आला. आपल्याकडे तो गटारातून येतो.

[दृश्य: गावठाणातली अरुंद गल्ली. पायऱ्यांवरच्या पाण्याच्या खुणा.]

मग इथला माणूस उठून जाईल तर कोणत्या नावानं? इथल्या लोकांना ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द पक्का माहीत आहे. त्यासाठी रक्त सांडलंय. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण ती शेतजमीन गेलेल्यांसाठी. कोळ्याचं शेत म्हणजे खाडी, आणि खाडीचा सात-बारा निघत नाही.

२०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वाशी खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात बाधित मच्छीमारांच्या भरपाईची बाजू उचलून धरली. मोठी गोष्ट होती. पण पुलाला मालक असतो. उधाणाची नोटीस कुणाला पाठवायची?

पंधराव्या वित्त आयोगानं धूप होऊन विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. धूप म्हणजे जमीन वाहून जाणं. दिवाळ्याची जमीन जागेवरच आहे, फक्त ओली आहे. त्यात गावठाणाबाहेर पसरलेली घरं सरकारी भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली’. घरपट्टीची पावती असते, पण जागा नावावर असतेच असं नाही. नावावर नसलेलं घर पाण्यात गेलं, तर कागदोपत्री काय गेलं?

[दृश्य: धारण तलावाचं तोंड. पाऊस. भरती ओसरायला लागलीय.]

आत पावसाचं पाणी, बाहेर खाडी. दोन्ही आत्ता एका पातळीला आली आहेत. झडप किंचित हलते, बोटभर उघडते, परत टेकते. वर छत्री घेऊन उभा असलेला माणूस घड्याळात बघतो.