ड्रमसेट पायाने निवडावा

अध्यक्ष महाराज आणि समोर बसलेले सगळे आईबाप, या व्याख्यानमालेत काल मधुमेह होता, उद्या इच्छापत्र आहे आणि या दोहोंच्या मधे आयोजकांनी ड्रमसेट बसवला आहे. त्यामागे काही विचार असेल तर तो मला कळवलेला नाही. पत्रिकेत विषय छापलाय 'पहिला ड्रमसेट कसा निवडावा'. माझं उत्तर चार शब्दांचं आहे: पायाने निवडावा, हाताने नाही. आता उरलेल्या पाऊण तासाचं काय करायचं ते बघू.

ड्रमसेटमधली जवळजवळ प्रत्येक वस्तू जुनी आहे. मोठा ड्रम आणि झांजा तुर्कांच्या लष्करी वाद्यवृंदामुळे युरोपात पोचल्या, स्नेअर, म्हणजे खाली तारा ताणलेला कडकडीत आवाजाचा ड्रम, पलटणींचा, आणि टॉम, म्हणजे बिनतारांचे मधले ड्रम, सुरुवातीला तर चिनी बनावटीचे. हे सगळं एका माणसाभोवती गोळा झालं ते अमेरिकेत, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे पैसे वाचवणं. थिएटरात तीन वादकांना पगार द्यायचा की एकाला, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही देशातला मॅनेजर एकच देतो. मग तो बिचारा एकटा माणूस स्नेअर वाजवता वाजवता शेजारच्या मोठ्या ड्रमवरही काठी हाणायचा. १९०९ साली शिकागोच्या विल्यम लुडविग यांचं पेडल आलं. पायपेडलं त्याआधीही होती, पण पायाच्या वेगाने चालणारं हे. मोठा ड्रम पायाकडे गेला आणि दोन्ही हात मोकळे झाले. पुढे १९२०च्या दशकात हाय-हॅट आली, म्हणजे एका दांड्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा. आधी ती घोट्याच्या उंचीवर होती, नुसती पायाने मिटायची. मग कुणीतरी दांडा उंच केला आणि तिच्यावर काठ्याही पडायला लागल्या. म्हणजे हात हजारो वर्षं वाजवतच होते. पाय कामाला लागले तेव्हा त्याचा ड्रमसेट झाला.

पुण्यात हे पटवायला मला फार कष्ट पडत नाहीत, कारण माझ्याकडे ढोलताशा पथकातली मुलं येतात. ताशा वाजवणाऱ्या मुलाच्या मनगटात जे असतं ते मला शिकवावंच लागत नाही. स्नेअरवर बसवा, पहिल्या दिवशी त्याची तर्री, म्हणजे काठ्यांचा सलग झरझर ठेका, ऐकून वर्गातली तीन वर्षं शिकलेली मुलं खाली मान घालतात. मग मी म्हणते, आता उजव्या पायाने फक्त सम दे. झालं! पाय हाताच्या मागे धावतो. हात दुप्पट गेला की पायही दुप्पट जातो, हात थांबला की पाय थांबतो. या मुलाला घरी पाच ड्रम हवेत कशाला? त्याला एक पेडल द्या, एक नीट स्टूल द्या, सहा महिने निघतात.

आणि हो, ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायची ती इलेक्ट्रॉनिक पाटी. हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. १९८०च्या दशकात रोलँड या जपानी कंपनीने तो आणला आणि आपल्या ऑर्केस्ट्रांनी, लग्नांनी, भजनी मंडळांनीसुद्धा तो उचलला. जागा कमी, टेम्पोचं भाडं कमी, आठ चौकोनांत घुंगरापासून तोफेपर्यंत सगळं. फार उपयोगी वस्तू आहे, माझ्याकडेही आहे. पण समोर उभं राहून दोन हातांनी वाजवायचा ऑक्टोपॅड पायाला काही शिकवत नाही. पेडल जोडता येतं, जोडतं कोण?

आता आवाजाकडे येते. पहिला सेट आपण निवडतो असं आपल्याला वाटतं. तो निवडतात खालच्या मजल्यावरचे काका.

माझा एक विद्यार्थी आहे, आठवीतला. नाव सांगत नाही, कारण त्याचे बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत. अहो, सगळे तिकडे वळून बघू नका! त्यांनी आधी साधा सेट आणला. पंधरा दिवसांत सोसायटीची नोटीस आली. बाबा समंजस. साधा सेट भावाच्या फार्महाउसवर पाठवला आणि इलेक्ट्रॉनिक घेतला. जाळीचे पॅड, कानाला हेडफोन. स्वयंपाकघरात आईला नुसती टिकटिक ऐकू यायची. सगळे खूश. आठवड्यात दुसरी नोटीस.

आता माझ्यासारख्या बाईला सोसायटीच्या मीटिंगला कुणी बोलवू नये. पण 'तज्ज्ञ' म्हणून बोलवलं, गेले. सेक्रेटरींनी ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम छापून आणले होते. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. कुणीतरी मोबाइलवर मोजायचं ॲप उघडलं, वरात निघाल्यासारखे आम्ही सगळे काकांच्या दिवाणखान्यात गेलो आणि वर मुलाला वाजवायला सांगितलं. काटा पंचावन्नाच्या आतच. बाबांचा चेहरा उजळला. काकू म्हणाल्या, "तो फोन ठेवा आणि तक्तपोशीकडे बघा." धप्प. धप्प धप्प. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आधी निदान गाणं कोणतं ते कळायचं. आता फक्त त्याचा पाय ऐकू येतो."

इतकं नेमकं निदान मला कुठल्या दुकानात मिळालेलं नाही. काठीचा आवाज हवेतून जातो, तो जाळीने आणि हेडफोनने अडवला. पेडलचा धक्का हवेतून जातच नाही. तो स्टँडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि तिथून थेट काकांच्या डोक्यावर जातो. 'सायलेंट' असं खोक्यावर छापलेलं असतं ते वरच्या घरापुरतं. काही स्वस्त सेटमध्ये यावर तोड म्हणून पेडलला बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारा दांड्याचा गोळा, तोच नसतो, नुसतं बटण दाबल्यासारखं दाबायचं. काका सुटतात, पण मुलाच्या पायाला बीटरचं वजन आणि त्याची उसळी कधी कळत नाही. ज्याच्यासाठी सेट घेतला तेच गायब!

उपाय स्वस्त आहे. प्लायवूडचे दोन तक्ते, मधे टेनिसचे चेंडू. चेंडू निम्मे बसतील एवढी भोकं खालच्या तक्त्यात पाडायची, वर दुसरा तक्ता तरंगत ठेवायचा, सेट त्याच्यावर. वरचा तक्ता भिंतीला टेकू द्यायचा नाही, नाहीतर धक्का तिथून उतरतो. मीटिंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा प्रश्न निघाला की वीसेक चेंडू आणायचे कुठून. काकू काही न बोलता आत गेल्या आणि भाजीची पिशवी घेऊन आल्या. पाच-सहा वर्षांत काकांच्या गॅलरीत आलेले आणि सोसायटीतल्या पोरांना कधीही परत न मिळालेले सगळे चेंडू तिच्यात होते. काकांचा चेहरा मी वर्णन करत नाही. काम झालं. धप्प कमी झालं, बंद झालं नाही. ते बंद होतही नाही, हे घेण्याआधी माहीत असावं. एवढंच सांगते की हेच काका विसर्जनाला पथकाच्या पुढे पहिल्या रांगेत असतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. तिसऱ्या रांगेने घेतली माझी वेळ.

तर खरेदी. पहिलं स्टूल. सेटबरोबर फुकट मिळणारं बहुतेक डुगडुगतं. उंची आटे फिरवून बदलता यावी, मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहाव्यात. जेवणाच्या टेबलाची खुर्ची नको, प्लास्टिकची तर नकोच. दुसरं पेडल. एकेरी, साखळीचं, स्प्रिंगचा ताण कमीजास्त करता येणारं. डबल पेडल मागणाऱ्या मुलाला आधी एका पायाने दोन मिनिटं सलग वाजवून दाखवायला सांगा, प्रश्न मिटतो.

तिसरं झांजा. इथे पैसे घाला, कारण ड्रम सुधारतो, झांज सुधारत नाही. ड्रमचं हेड, म्हणजे वर ताणलेला पडदा, बदला, चावीने नीट सुरात लावा, साध्या पॉप्लरच्या लाकडाचा ड्रमही माणसांत येतो. पितळी झांज जन्मभर पितळीच वाजते. चांगल्या झांजा कथलाच्या कांस्याच्या असतात. शंभरात ऐंशी भाग तांबं, वीस भाग कथील, म्हणजे आपल्या आज्या तळपाय घासायच्या त्या काशाच्या वाटीचंच घराणं. मधल्या किमतीच्या झांजांत कथील आठ भाग, सुरुवातीला तेही चालतं. आधी फक्त हाय-हॅट बरी घ्या, क्रॅश आणि राइड या मोठ्या, सुट्या झांजा नंतर.

चौथा स्नेअर, चौदा इंची, साधा. मग बाकीचे ड्रम. 'किती पीस?' हा प्रश्न विचारूच नका. पाच पीस म्हणजे पाच ड्रम, झांजा त्यात धरत नाहीत, म्हणून खोक्यावरचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारा जुळत नाही. फ्लॅटमध्ये बावीस इंची मोठ्या ड्रमपेक्षा वीस किंवा अठराचा बरा. रंग मुलाला ठरवू द्या, तेवढाच त्याचा अधिकार.

जुना सेट जरूर घ्या. ड्रमचं हेड काढून लाकडाची कड बोटाने चाचपा, खाच लागली तर सोडा. झांजेची कड उजेडात फिरवून बघा. बारीक तडा असला तरी नको, तो वाढतोच. गंजलेल्या स्क्रूंना घाबरू नका, ते मिळतात.

आणि दुकानात मुलाला घेऊन जा, तो ज्या बुटांत किंवा अनवाणी वाजवणार तसाच. दुकानदार आधी काठ्या हातात देईल. त्या त्याच्याकडेच राहू द्यात. मुलाला स्टुलावर बसवा आणि पाच मिनिटं नुसतं पेडल मारू द्या. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.