कोन कारील?

नमस्कार श्रोतेहो.

मी ठाण्यात चरईत राहते. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. शिबिर म्हटलं की फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडतं, अक्षर बरं आहे म्हणे. फॉर्मवर एक प्रश्न असतो, गेल्या बारा महिन्यांत टॅटू काढला आहे का? बहुतेक जण हसून नाही म्हणतात. त्या दिवशी एक चोवीस-पंचवीसचा मुलगा काही बोललाच नाही, त्याने शर्टाची बाही वर सरकवली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला एक सही होती. अजून खपली धरलेली, कडेने लालसर.

"बाबांची आहे," म्हणाला. अडीअडचणीला असावा म्हणून वडिलांनी एक कोरा चेक सही करून कपाटात ठेवला होता. तो तसाच राहून गेला. त्यावरून ही सही उतरवून घेतलेली. वडिलांना जाऊन त्या दिवशी वर्ष होत होतं म्हणून पोरगा रक्त द्यायला आला होता, आणि सही गोंदवली होती आदल्याच रविवारी.

डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. नियम बरोबरच आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोंदवून घेतल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. सुई स्वच्छ नसेल तर कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांचा धोका असतो, आणि लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती तपासणीत सापडत नाही. मुलाने मान डोलावली, चहासुद्धा न घेता निघून गेला.

रांगेत मागे एक काका होते. "काय ही हल्लीची पोरं! वडलांची आठवण काय अशी हातावर मिरवायची असते?" असं म्हणत त्यांनी फॉर्म घ्यायला हात पुढे केला. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याच्या बेचक्यात हिरवट, फिसकटलेला ॐ होता. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. "तो वेगळा," काका म्हणाले. "तो जत्रेतला."

तेव्हापासून हा 'वेगळा' शब्द माझ्या डोक्यात आहे.

माझं आजोळ कोपरखैरण्याचं. आता तिथे पत्ता सांगताना सेक्टरचा नंबर सांगतात, पण १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली त्याआधी ते खाडीकाठचं आगरी गाव होतं, भातशेती आणि मिठागरांचं. माझ्या आजीच्या कपाळावर ऐन कुंकवाच्या जागी एक ठिपका होता, हनुवटीवर तीन, आणि उजव्या हातावर कोपराखाली तुळस. भात झोडून झाला की गावात गोंदणारी बाई यायची. दिव्याची काजळी, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन-चार सुया, वरून हळद. मजुरी म्हणून भात. पोरगी ओरडायला लागली की दोघीतिघी मिळून तिला धरून ठेवायच्या. आजीला कुणी विचारलं नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर जुनं ते सगळं सोनं असं ऐकू यायचं.

मी लहानपणी तिच्या हातावरच्या तुळशीची पानं बोटाने मोजायची. एकदा विचारलं, आजी, दुखलं असेल ना, मग कशाला काढलंस? ती म्हणाली, "सोना पोरा कारून घेतीन. गोंदलेला कोन कारील?" आगरीत 'ड'चा आणि 'ढ'चा 'र' होतो. म्हणजे, सोनं पोरं काढून घेतील, गोंदलेलं कोण काढील? मेल्यावर बरोबर गोंदणच तेवढं येतं, हे तुमच्याही आजीने सांगितलं असेल.

ते का निघत नाही, हे मी पुढे वाचलं. आपल्या कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, साधारण महिनाभरात नवा येतो. सुई त्याच्या खालच्या थरात रंग सोडते. शरीराला वाटतं, कुणी परका घुसला. रोगजंतू गिळणाऱ्या पेशी धावत येतात आणि रंगाचे कण गिळतात, पण ते पचत नाहीत, म्हणून तशाच बसून राहतात. मग त्या पेशी मेल्या की? फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की मेलेल्या पेशीतून सुटलेला रंग नव्याने आलेली पेशी उचलते. सासूने सुनेच्या हाती किल्ल्या द्याव्यात तसं. आणि काजळी काळी असून गोंदण हिरवट दिसतं, कारण वरच्या कातडीतून परत येणाऱ्या प्रकाशात निळसर भाग जास्त असतो. हातावरच्या शिरा निळ्या दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

ही हौस फक्त आपलीच, असं मात्र नाही. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला, त्याच्या अंगावर ६१ खुणा आहेत, कोळशाच्या. बऱ्याचशा सांध्यांजवळ आणि कमरेवर, म्हणजे दुखण्यावरचा इलाज असावा असं अभ्यासकांना वाटतं. काकांचा ॐ काढणारं जत्रेतलं ते घूं-घूं करणारं यंत्र मात्र अलीकडचं. एडिसनने कागदावर भोकं पाडून नकला काढण्यासाठी विजेवरचं पेन केलं होतं, त्यात फेरफार करून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने १८९१ साली गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. चैत्रात आमच्या आजोळी गावदेवीची जत्रा भरायची तेव्हा पाळण्याशेजारी एक माणूस बॅटरी लावून बसायचा. पाठीमागे पत्र्यावर नमुने, मारुती, त्रिशूळ, विंचू, बाण घुसलेलं बदाम.

आता तेच काम राम मारुती रोडवर एसी लावून चालतं. सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढतात, हातमोजे असतात, हे चांगलंच झालं. तिथल्या एकाला मी विचारलं, लोक पस्तावून परत येतात का हो? म्हणाला, "येतात की. नाव झाकायला. मी मोरपीस सुचवतो, मोरपिसाखाली काहीही झाकतं." तेव्हापासून रिक्षात, लोकलमध्ये कुणाच्या दंडावर मोरपीस दिसलं की माझी नजर खाली कोण असेल ते शोधते. वाईट सवय.

गोंदवणाऱ्याला आपण सगळे एकच विचारतो, उद्या नकोसं झालं तर? मला वाटतं इथेच आपण चुकतो. पुसता येत नाही हा आपल्याला त्यातला दोष दिसतो. त्या चेकवाल्या पोराला तेच तर हवं होतं. वडील गेले, चेक बाद झाला. सही आता कुणी रद्द करू शकत नाही.

बघणारा मात्र काय वाचेल, याचा नेम नाही. १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले. लुगडं नेसायची तऱ्हा, गळ्यातले-हातातले चांदी-कथलाचे दागिने, ज्यांच्यावरून लांबून जात ओळखू येते त्या खुणा टाका, म्हणाले. दागिने उतरवता आले, लुगडं वेगळं नेसता आलं. गोंदण कुणाच्या अंगावर असेल ते राहिलं असणार. हल्ली १४ एप्रिलला ठाणे स्टेशनवर उभं राहा. कितीतरी दंडांवर 'जय भीम' दिसेल, बाबासाहेबांची सही दिसेल. खूण नको म्हणणाऱ्यांची ही नातवंडं-पतवंडं, आणि ही खूण त्यांनी स्वतः मागून घेतलीय. शेजारी शिवाजी महाराजांची राजमुद्राही असते. तिच्याकडे बघणारी नजर आणि 'जय भीम'कडे बघणारी नजर एकच असते का, हे प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं थांबलं तरी समजतं.

आणि पुसता येत नाही याचा फायदा घेणारेही असतात. १९९३ साली अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेबकतरी', म्हणजे पाकीटमार, असं गोंदवलं होतं. तीन पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ उजाडलं. त्या बायकांनी पदर किती खाली ओढला असेल!

आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा भरतीची तयारी करतो, पहाटे साकेतच्या रस्त्याला धावायला जातो. त्याने जत्रेत उजव्या हातावर 'आई' गोंदवून घेतलं. निमलष्करी दलांच्या भरतीत नाव चालतं, देवाचं चिन्हही चालतं. पण हातावर असेल तर आतल्या बाजूला, आणि डाव्याच हाताला, कारण उजव्याने सलाम ठोकायचा. शिवाय त्या भागाच्या पाव हिश्शाहून ते मोठं नको. म्हणजे 'आई' चालते, हात चुकला. लष्कराच्या नियमांत आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे मोकळीक आहे, पण हा काही त्यात बसत नव्हता.

पोरगा दोन दिवस जेवला नाही. आईचं नाव पुसायचं कसं? ताई माझ्याकडे भांडी घासता घासता म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, काढ मेल्या. मी काय मेलेय का, लिहून ठेवायला?"

मग वाशीला लेसर सुरू झालं. लेसरचा झोत रंगाच्या कणांचा भुगा करतो आणि त्याच गिळणाऱ्या पेशी तो भुगा थोडा थोडा वाहून नेतात, म्हणून दोन बैठकांमध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. तीनशे रुपयांची अक्षरं घालवायला ताईंनी भिशी उचलली. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो म्हणतात. तिसऱ्या बैठकीनंतर मुलगा हात दाखवायला आला, 'आई' फिकट हिरवी झाली होती. ताईंनी आपला गोंदलेला हात त्याच्या हाताला लावला. "आता कुठे माझ्यासारखं दिसतंय," म्हणाल्या, "आणि आता जाणार."

मी स्वतः काही गोंदवलेलं नाही. माझ्या आईच्या कपाळावर होतं, आजीच्या कपाळावर होतं अगदी तिथेच. आई शिकली, ठाण्यात शाळेत शिक्षिका झाली. घरात आगरी बोलणं तिने सोडलं, आम्हाला शिकवलंही नाही. आणि कुंकू लावायची रुपयाएवढं. मला वाटायचं, हौस असेल. ठिपका झाकला जावा म्हणून ते एवढं मोठं असायचं, हे मला कळायला फार वर्षं लागली.

विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात केला. माझे वडील गेले ते त्याच्या बरंच आधी. बायका जमल्या. मंगळसूत्र काढलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी मध्ये पडायला हवं होतं, पडले नाही. काकूने ओलं फडकं फिरवलं, बाजूला ठेवलं, आणि परत उचललं. तिला वाटलं, थोडं राहिलं. ती पुन्हा पुसायला लागली.

आईने तिचं मनगट धरलं. किती वर्षांनी आगरीत बोलली.

"नको गो घासू," म्हणाली. "ता कोन कारील?"