सॅमनचा ओढा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा कोहो सॅमन हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या ओढ्यात परततो. पाणी थंड राहावे म्हणून काठावर सावली हवी आणि पिलांना दडण्यासाठी पात्रात पडलेले ओंडके हवेत. हेच ओंडके माशांची वाट अडवतात, असे समजून एके काळी तेथील सरकारी खात्यांनीच ते उपसून काढले होते. आता ते मुद्दाम परत टाकावे लागतात.

सिएटल शहरातील लाँगफेलो ओढ्याची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी. तेथे काठावर स्थानिक झाडे लावली, पात्र सुधारले आणि कोहो परतले. (रोप लावणाऱ्यापेक्षा पुढची पाच वर्षे त्याच्याभोवतीचे तण काढणाऱ्याचा सत्कार आधी व्हावा, असे माझे ठाम मत आहे.) पण पाऊस पडला की समुद्रातून आलेले हे धडधाकट मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासत, गोल फिरत, तोल जाऊन उताणे होत आणि काही तासांतच मरत. मेलेल्या माद्यांच्या पोटात अंडी तशीच भरलेली असत. रोग सापडेना, आणि चम जातीचे सॅमन तर त्याच पाण्यात जगत होते! वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यातले घटक वेगळे करून एकेक गट माशांवर तपासला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्तर प्रसिद्ध केले: टायर. रबर तडकू नये म्हणून टायरमध्ये घातलेले ६पीपीडी हे रसायन ओझोनशी संयोग पावून ६पीपीडी-क्विनोन बनते, आणि झिजलेल्या टायरच्या बारीक कणांबरोबर ते ओढ्यात उतरते.

त्याआधीच एक प्रयोग झाला होता. रस्त्याचे हेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतले, तेव्हा त्यात कोहो जगले. म्हणजे सावली हवी, ओंडके हवेत आणि पाण्याच्या वाटेत माती हवी. टायरसाठी पर्यायी रसायनाचा शोध चालू आहे. तोपर्यंत रस्त्याचे पाणी नळातून थेट ओढ्यात न सोडता झाडे लावलेल्या चरांतून मुरवले पाहिजे.